ध्वनिमुद्रणविद्येचा अभ्यास

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की पुढे कोणती शाखा धरावी हा प्रश्न घेऊन विद्यार्थी आणि त्यांचे पालक आमच्याकडे येतात. वैद्यक, वाणिज्य, कायदा, स्थापत्य हे मार्ग मळलेले असल्यामुळे त्यांविषयी चार शब्द सांगण्यास फारसे श्रम पडत नाहीत. परंतु अलीकडे जवळजवळ प्रत्येक वर्गातून एखादा विद्यार्थी असा निघतो, की ज्याला ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घ्यावयाचे असते. तो हे भीत भीत सांगतो आणि बाजूस उभे असलेले त्याचे वडील लगेच म्हणतात, "आवाज भरावयास महाविद्यालयात कशाला जावे लागते? ते तर हल्ली खिशातल्या फोनवरही होते!"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. तरुणपणी आमचेही मत असेच होते, आणि त्या मताची किंमत आम्ही एकदा मोजलेली आहे. तेव्हा प्रथम तीच हकीकत सांगतो.

१९८६ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो होतो. आमच्या आजीस जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत असत. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे लोटली होती, त्यामुळे जाते कोपऱ्यात पडून असे. परंतु नातवाचा हट्ट म्हणून आजीने पायलीभर जोंधळे काढले, आणि पहाटे ती दळावयास बसली. आम्ही एका स्नेह्याचे कॅसेट-यंत्र मागून आणले होते. ते आम्ही जात्याला लागूनच सपाट जमिनीवर ठेवले. आजी म्हणाली, "अरं, पीठ उडंल त्याच्यावर. वर कोनाड्यात ठेव की." आम्ही ऐकले नाही, जितके जवळ तितके चांगले, अशी आमची पक्की समजूत होती. तासाभराची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. पुण्यास परत येऊन ऐकतो, तो जात्याची घरघर स्वच्छ ऐकू येत होती, आणि आजीचा आवाज मात्र शेजारच्या घरातून आल्यासारखा! पुढच्या सुटीत पुन्हा भरू म्हणून आम्ही मनाचे समाधान केले. पुढची सुटी येण्यापूर्वीच आजी निवर्तली.

या फजितीचे कारण आम्हांस पुष्कळ वर्षांनी, पदार्थविज्ञानाचे एक पुस्तक चाळताना उमगले. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. आमचे यंत्र जात्यापासून अर्ध्या फुटावर आणि आजीच्या मुखापासून सुमारे तीन फुटांवर होते. म्हणजे अंतर सहापट. आणि सहाचा वर्ग छत्तीस. जाते व आजी समान बळाने बोलत आहेत असे मानले, तरीही यंत्राच्या दृष्टीने जाते छत्तीसपट बलवान होते. कोनाडा आजीच्या डोक्याच्या उंचीवर, तिच्या उजव्या हाताला होता. यंत्र तेथे ठेवले असते, तर हे प्रमाण बरेचसे उलटले असते. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीने पिठाच्या भीतीने का होईना, योग्य जागा सांगितली होती!

दुसरेही एक कारण होते. स्वस्त यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप राखण्याची योजना असते. मोठा आवाज आला की यंत्र आपली ग्रहणशक्ती कमी करते, आवाज थांबला की ती वाढविते. जात्याची पाळ जोराने फिरली, की यंत्र दबून जाई आणि त्याबरोबर ओवीही दबे. आजी श्वास घेण्यास थांबली, की अंगणातील कावळे मात्र खणखणीत ऐकू येत. यंत्र बिघडलेले नव्हते. ते आपले काम चोख करीत होते, आणि त्याला काय करू द्यावे व काय करू देऊ नये हे ठरविणारा मनुष्य अडाणी होता.

महाविद्यालयात शिकावयाचे ते हेच. कळ दाबणे हा त्याचा अगदी लहान भाग झाला. यंत्रे तर दर पिढीस पालटतात. एडिसनने १८७७ साली कथिलाच्या पत्र्यावर आवाज उमटविला. दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीचा मार्ग काढला. नोव्हेंबर १९०२ मध्ये गैसबर्ग नावाच्या गृहस्थांनी कलकत्त्यातील एका हॉटेलच्या खोलीत गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे, आणि त्याच्या आवाजाच्या बळानेच सुई मेणावर रेघ ओढावयाची. वरच्या स्वराला मागे सरकावे लागे, खालच्या स्वराला पुढे यावे लागे, आणि सर्व गाणे सुमारे तीन मिनिटांत आटोपावे लागे. गौहरजान गाण्याच्या अखेरीस इंग्रजीत आपले नाव सांगत. कारण मेणाचे ठसे जर्मनीत हॅनोव्हर येथे जात, आणि तेथील कारागिरांस कोणते गाणे कोणाचे हे कळण्यास दुसरा उपाय नव्हता. पुढे १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले, दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र पसरली, १९८२ साली काँपॅक्ट डिस्क निघाली, आणि आज तीही अडगळीत गेली आहे. ज्याने केवळ फितीचे यंत्र चालविणे शिकून घेतले, त्याची विद्या फितीबरोबर संपली. परंतु वर सांगितलेला अंतराचा नियम कर्ण्याच्या काळी जितका खरा होता, तितकाच आजही आहे.

मग या शाखेत खरोखर शिकवितात काय? आमच्या मते सर्वांत रसाचा विषय म्हणजे खोलीचे शास्त्र, कारण आवाज कधीच एकटा येत नाही. तो आपल्या खोलीला बरोबर घेऊन येतो. या शास्त्राचा उगमही एका शैक्षणिक संस्थेच्या अडचणीतून झाला, म्हणून ती कथा थोडी विस्ताराने सांगतो.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्यातील व्याख्यानगृह दिसावयास सुंदर होते, पण तेथे बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्यात वक्त्याचे पुढचे दहाबारा शब्द बाहेर पडलेले असत, आणि सगळ्यांचा एकच काला होई. या दोषावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाकडे आले. त्याची साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे यंत्र, आणि स्वतःचे कान. दिवसा रस्त्यावरील गलबला आड येई, म्हणून तो मध्यरात्रीनंतर काम करी. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या तो रात्री आणवी; थोड्या मांडावयाच्या, नळी फुंकावयाची, आवाज विरेपर्यंतचा काळ मोजावयाचा, आणखी थोड्या मांडावयाच्या, पुन्हा मोजावयाचे; आणि सकाळ होण्यापूर्वी सर्व गाद्या जागच्या जागी! तीन वर्षांच्या अशा खटपटीनंतर त्याला नियम सापडला: घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात, आणि खोलीतील एकंदर शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १९०० साली उघडलेले बोस्टन येथील सिंफनी सभागृह याच नियमाच्या आधारे बांधले गेले, आणि जगातील उत्तम संगीतगृहांत त्याची आजही गणना होते.

हा नियम आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनास लावून पाहू. समजा, सभागृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच आहे. म्हणजे घनफळ १,००० घनमीटर झाले. भिंती गिलाव्याच्या, जमीन फरशीची; अशा रिकाम्या सभागृहाचे एकंदर शोषण ४० चौरस मीटर धरू. सॅबाइनच्या सूत्राप्रमाणे ०.१६१ ला १,००० ने गुणून ४० ने भागावयाचे. उत्तर आले सुमारे चार सेकंद. म्हणूनच तालमीच्या दिवशी नाटकातील एकही संवाद धड कळत नाही आणि शिक्षक मुलांवर रागावतात. आता ३०० प्रेक्षक येऊन बसले. प्रत्येक मनुष्य आपल्या कपड्यांसह ०.४ चौरस मीटर शोषण करतो असे धरले, तर १२० ची भर पडून शोषण १६० झाले, आणि घुमणे एका सेकंदावर आले. मुले तीच, संवाद तेच. पालक येऊन बसल्याने सभागृह सुधारले! गणितातील गुणाकार-भागाकार कोठे उपयोगी पडतात असे विचारणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः करून पाहावे.

खोलीबरोबरच वाद्यांचाही अभ्यास करावा लागतो. येथे आपल्या देशाचे एक ऋण सांगितले पाहिजे. साधे कातडे ताणून वाजविले, तर त्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे बेसूर प्रमाणात येतात. म्हणून ढोलास विशिष्ट स्वर लागत नाही. मग तबला स्वरात कसा मिळतो? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले, की तबला व मृदंग यांच्या पुडीवर मधोमध चढविलेली शाई कातड्याचे वजन अशा रीतीने वाढविते, की ते उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांकांत येतात. शाईचे थर देऊन दगडाने घोटणाऱ्या कारागिराने हे समीकरण कधीच सोडविले नव्हते. त्याचा कान ते सोडवीत होता. ध्वनिमुद्रकाला मात्र दोन्ही लागतात. मायक्रोफोन पुडीच्या कोणत्या भागाजवळ न्यावा, तो किती तिरपा धरावा, हे त्याला कानाने ऐकावे लागते, आणि तसे का होते हे बुद्धीने जाणावे लागते.

अंकीय मुद्रणाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते समजण्यास वाटते तितके कठीण नाही. संगणक आवाजाची अखंड रेषा ठेवीत नाही. तो एका सेकंदात हजारो वेळा तिची उंची मोजून आकडे लिहून ठेवतो. काँपॅक्ट डिस्कवर हे मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळा होते. हाच आकडा का? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकू येतो, आणि सिद्धान्त असा आहे, की कोणतेही कंपन बिनचूक पकडावयाचे तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले पाहिजे. कमी वेळा मोजले तर काय होते, हे चित्रपट पाहणाऱ्यांस ठाऊक आहे: धावत्या गाडीचे चाक पडद्यावर उलटे फिरताना दिसते. आवाजाचेही तसेच होते. नसलेले स्वर ऐकू येऊ लागतात. प्रत्येक मोजमाप १६ द्विमान अंकांत लिहितात, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मिळतात. एवढे ज्यास नीट समजले, त्यास पुढील पुष्कळसा भाग आपोआप उलगडतो.

आता शिक्षणाच्या स्थळांविषयी. 'प्रभात' फिल्म कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट काढला, आणि पुढील वर्षी ती कोल्हापूर सोडून पुण्यास आली. तिच्या त्याच कलागृहाच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटविद्येची संस्था सुरू केली. आज भारतीय चित्रपट आणि दूरदर्शन संस्था या नावाने ती प्रसिद्ध असून तेथे ध्वनिमुद्रण व ध्वनिरचना यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आधी पदवी लागते, आणि बारावीस भौतिकशास्त्र घेतलेले असावे, अशी अट घातलेली आढळते. म्हणून या मार्गाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनी भौतिकशास्त्र सोडू नये. केरळातील एका खेड्यातून आलेले रसूल पूकुट्टी याच संस्थेत ध्वनीचे शिक्षण घेऊन बाहेर पडले आणि २००९ साली त्यांस ऑस्कर पारितोषिक मिळाले. कलकत्त्यास सत्यजित राय यांच्या नावाने १९९५ साली स्थापन झालेल्या संस्थेतही हा विषय शिकवितात. परदेशांत जर्मनीतील डेटमोल्ड येथे १९४९ पासून 'टोनमाइस्टर' नावाचे शिक्षण दिले जाते, आणि इंग्लंडातील सरे विश्वविद्यालयात त्याच धर्तीचा अभ्यासक्रम १९७० पासून चालू आहे. तेथे प्रवेशासाठी गणित आणि संगीत या दोहोंची तयारी पाहतात. आपल्याकडे गाणाऱ्या मुलाने गणित टाकावे आणि गणिती मुलाने पेटी बंद करावी, अशी एक विचित्र समजूत आहे. या विद्येत ती मुळीच चालत नाही.

पालकांनी विचारलेल्या पोटापाण्याच्या प्रश्नास बगल देणे आम्हांस योग्य वाटत नाही. या व्यवसायात महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरलेला पगार थोड्यांनाच मिळतो. पुष्कळांचे आरंभीचे दिवस कामाची वाट पाहण्यात आणि दुसऱ्यांच्या तारा गुंडाळण्यात जातात. रात्रीचे जागरण नित्याचे. मात्र चित्रपटगीत भरणे एवढेच काम असते असे कोणी समजू नये. चित्रीकरणाच्या जागी संवाद टिपणारे निराळे, कलागृहात बसून पावलांचे, भांड्यांचे, पावसाचे आवाज नव्याने निर्माण करणारे निराळे. आकाशवाणी, रंगभूमी, बोलकी पुस्तके, सभागृहांची बांधणी, कारखान्यांतील गोंगाटाचे नियंत्रण, जुन्या ध्वनिमुद्रिकांचे जतन, ही सर्व क्षेत्रे याच विद्येची आहेत. मुलींना हे काम झेपणार नाही, असे म्हणणारे पालक आम्हांस भेटतात. त्यामागे कोणते कारण आहे, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. मोठ्या यंत्रासमोर बसलेल्या तरुणाचे चकचकीत चित्र छापून भरमसाट शुल्क घेणारे वर्ग शहरोशहरी निघाले आहेत. त्यांतील काही चांगलेही असतील. परंतु पैसे भरण्यापूर्वी पालकांनी स्वतः तेथे जावे, आणि भौतिकशास्त्र कोण शिकवितो, एका विद्यार्थ्यास आठवड्यातून किती तास यंत्राशेजारी प्रत्यक्ष बसावयास मिळते, मागील वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हे विचारावे. उत्तर देण्याऐवजी पुन्हा यंत्रच दाखवू लागले, तर घरी परतावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या कानांविषयी थोडे बोलू. आतल्या कानात सूक्ष्म केसांसारखी टोके असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात. त्या एकदा मेल्या, की मनुष्यास पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसास आठ तास सोसवतो असे मानतात. पुढे प्रत्येक तीन डेसिबेलला हा अवधी निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबेलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर नाचणारा किंवा कानांत बोंडे खुपसून पूर्ण आवाजात गाणी ऐकणारा मुलगा उद्या ध्वनिमुद्रक होऊ म्हणेल, तर तो धंदा सुरू करण्यापूर्वीच भांडवल खर्च करीत आहे. तयारी आजपासूनच करावयाची असेल, तर रिकाम्या वर्गात, जिन्याखाली, विहिरीच्या काठावर एकेक टाळी वाजवावी आणि डोळे मिटून तिचे विरणे ऐकावे. आपल्याच फोनवर एकच वाक्य वीतभर, हातभर व दहा हात अंतरावरून भरून तिन्हींतील फरक वहीत लिहावा. त्यास एक पैसाही लागत नाही.

भास्करबुवा बखले यांचे गाणे ज्यांनी ऐकले, ते त्याची थोरवी लिहून ठेवून गेले. पण १९२२ साली बुवा वारले, आणि त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्यापाशी नाही. उलट पक्षी, हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्यांतील कित्येक बर्नार्ड बेल या ध्वनिशास्त्राची जाण असलेल्या अभ्यासकाच्या साहाय्याने, शंभर तासांहून अधिक मुद्रणात, त्या बायांच्याच आवाजात राहिल्या आहेत. ते संकलन ऐकताना आमचे लक्ष नेहमी एकाच गोष्टीकडे जाते: जातेही ऐकू येते, आणि शब्दही.

आमची ती कॅसेट आम्ही टाकून दिली नव्हती. ध्वनिमुद्रणाचे शिक्षण पुरे केलेला आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी भेटीस आला असता आम्ही ती त्याच्या हवाली केली. पंधरा दिवसांनी तो परत आला. संगणकावर त्याने घरघर पुष्कळ कमी केली होती, आणि आजीच्या सात ओव्या आता बऱ्यापैकी कळतात. आठवीच्या दुसऱ्या चरणात मात्र तीन शब्द लागत नाहीत. तो म्हणाला, "गुरुजी, तेथे आजींचा स्वर आणि जात्याचा स्वर अगदी एका पट्टीत आले आहेत. जाते काढावे तर आजीही जातात." आम्ही ते तीन शब्द आठवून पाहिले, गावी चुलत्यांनाही विचारले. कोणासही आठवत नाहीत.